दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा इंजिन-आधार बसविताना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेतमालाची वाहतूक आता मुख्यत्वे लहान मालगाड्यांवर अवलंबून आहे. संगमनेर, राहाता भागांतील दूध, पारनेर, राहुरीकडील कांदा आणि गावोगावचा भाजीपाला अशा गाड्यांतूनच संकलन केंद्रावर अथवा बाजारपेठेत पोहोचतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे दूध नासते आणि भाजीचा भाव हातचा जातो. यांतील पुष्कळ गाड्या जुन्या विकत घेतलेल्या असतात. त्यांचे मूळ सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. मग मिस्त्री दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा भाग जुळवून देतो. इंजिनाखालचा रबरी आधार, ज्यास गराजमध्ये ‘फाउंडेशन’ म्हणतात, हा अशा प्रकारे जुळविला जाणारा एक भाग होय. भोके जुळली म्हणजे आधार जुळला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा का आहे आणि जुळवणी करावयाचीच झाल्यास ती कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

आधाराची तीन कामे

विहिरीवरील ऑइल इंजिन सिमेंट-काँक्रीटच्या जड पायावर बोल्टांनी आवळलेले असते. पायाच्या वजनामुळे इंजिनाची थरथर तेथेच जिरते. मोटारगाडीत एवढा जड पाया ठेवता येत नाही. म्हणून इंजिन व चासी यांच्यामध्ये रबर घालतात. या रबराला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. पहिले, इंजिनाचे वजन पेलणे. दुसरे, गाडी ओढताना, क्लच सोडताना व ब्रेक लावताना इंजिनास बसणारे पीळ आणि झटके आवरणे. तिसरे, इंजिनाची थरथर चासीपर्यंत पोहोचू न देणे. पहिल्या दोन कामांसाठी रबर ताठ असावे लागते, तिसऱ्यासाठी मऊ असावे लागते. या दोहोंचा मेळ कारखान्यात विशिष्ट इंजिनासाठी घातलेला असतो.

जीपचे उदाहरण

एका यंत्राचे इंजिन दुसऱ्या यंत्रात बसविण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण जीपचे आहे. मुंबई येथे महिंद्र कंपनीने १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते. १९७०नंतरच्या दशकात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये आले, आणि पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे प्यूजो बनावटीची डिझेल इंजिने तयार होऊ लागली. ट्रॅक्टरमध्ये साधारणतः इंजिन हेच सांगाड्याचा एक भाग असते. गिअरपेटी त्यालाच घट्ट जोडलेली असते आणि मध्ये रबर नसते. जीपमध्ये मात्र इंजिन चासीपासून अलग ठेवून आधारांवर टेकवावे लागते. तात्पर्य, इंजिन तेच असले तरी त्याचा आधार गाडीप्रमाणे बदलतो. आणि गाडी तीच असली तरी आधार इंजिनाप्रमाणे बदलतो.

थरथरीचे साधे गणित

चार धावांच्या, चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. असे इंजिन रिकामे चालताना मिनिटास ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदास २५ धक्के बसतात. अनेक लहान मालगाड्यांत मात्र दोन सिलिंडरचे इंजिन असते. २००५ साली आलेली टाटा एस ही गाडी प्रथम अशाच डिझेल इंजिनाची होती. अशा इंजिनात साधारणतः एका फेऱ्यास एकच स्फोट होतो. मिनिटास ९०० फेरे धरले तर सेकंदास १५ धक्के होतात.

रबरावर ठेवलेले इंजिन हेही स्प्रिंगवरील वजनाप्रमाणे आपल्या ठराविक गतीने झुलते. ही गती रबर वजनाखाली किती दबते यावरून ढोबळपणे कळते. रबर १ मिलिमीटर दबले तर सेकंदास सुमारे १६ झोके, २ मिलिमीटर दबले तर सुमारे ११ आणि ४ मिलिमीटर दबले तर सुमारे ८ झोके पडतात. इंजिनाचे धक्के या झोक्यांच्या १.४ पटीहून अधिक असतील तरच रबर थरथर अडविते. धक्के व झोके सारखे झाले तर थरथर कमी होण्याऐवजी वाढते.

समजा, एक आधार चार सिलिंडरच्या इंजिनाखाली २ मिलिमीटर दबतो. त्याचे झोके ११ व इंजिनाचे धक्के २५, म्हणून काम उत्तम होते. तोच आधार निम्म्या वजनाच्या, दोन सिलिंडरच्या इंजिनाखाली लावला तर तो १ मिलिमीटरच दबेल. झोके १६ होतील आणि धक्के १५ असतील. परिणामी गाडी उभी असताना सारी चासी थडथडू लागेल. भाग नवा, भोके जुळलेली, तरी गुण नाही, याचे कारण हे आहे. उलट, हलक्या इंजिनाचा आधार जड इंजिनाखाली लावल्यास रबर प्रमाणाबाहेर दबते, लवकर फाटते आणि इंजिन खाली बसते. हा हिशेब अंदाजापुरता समजावा. चालत्या स्थितीत रबर स्थिर स्थितीपेक्षा अधिक ताठ वागते, म्हणून थोडा अधिक फरक राखून निवड करावी.

निवडीपूर्वी घ्यावयाची मापे

१. मूळ आधाराची वजनाखालील उंची. जुना आधार खचलेला असल्यास शाबूत बाजूच्या आधारावरून माप घ्यावे.
२. भोकांमधील अंतर, बोल्टची जाडी आणि आधाराचा कल.
३. दाता गाडीच्या इंजिनाचे सिलिंडर किती व वजन किती. ही दोन्ही जवळपास सारखी असतील तरच तो आधार विचारात घ्यावा.
४. आधाराची अंतर्गत रचना. रबर फाटले तरी लोखंडी भाग एकमेकांत अडकून इंजिन निसटू न देणारा आधार पसंत करावा.

उंचीत पडलेला फरक इतर भागांना भोवतो. इंजिन पुढे खाली बसले तर पंखा रेडिएटरच्या आवरणास घासतो. गिअरपेटीकडे उंची बदलली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून त्याचे क्रॉस लवकर झिजतात. सायलेन्सरचा नळ, क्लचची तार व डिझेलची नळी यांवर ताण येतो.

बसविण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावावी व बॅटरीची तार सोडावी. इंजिन उचलताना जॅक व तेलाची टाकी यांमध्ये रुंद लाकडी ठोकळा ठेवावा. अन्यथा टाकी चेपते. इंजिन केवळ जॅकच्या भरवशावर ठेवून त्याखाली हात घालू नये. त्यास दुसरा पक्का टेकू द्यावा.

भोके जुळत नसल्यास मूळ आधाराची अथवा चासीची भोके गॅस कटरने वाढवू नयेत. जाड पत्र्याचा स्वतंत्र जोडपट्टा तयार करून त्यावर दोन्हीकडील भोके अचूक पाडावीत. पट्ट्याला वेल्डिंग करावयाचे असल्यास रबर लावण्यापूर्वीच करावे. रबर जोडलेले असताना उष्णता दिल्यास रबर व लोखंड यांची सांधणी सुटते. उंची भरून काढण्यासाठी वायसरांची चळत रचू नये, एकच अखंड तुकडा वापरावा. डाव्या-उजव्या बाजूंचे आधार जोडीनेच बदलावेत. सर्व बोल्ट प्रथम सैल लावून इंजिन आपल्या जागी बसू द्यावे आणि मगच आवळावेत, म्हणजे रबरात पीळ राहत नाही.

रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पुन्हा लावण्यास विसरू नये. ती राहून गेल्यास स्टार्टरचा प्रवाह क्लच अथवा वेगाच्या तारेतून वाट काढतो व ती तार जळते. डिझेल वा तेल गळत असल्यास ती गळती आधी बंद करावी. तेलाने नैसर्गिक रबर फुगते व कुजते.

चाचणी

प्रथम इंजिन रिकामे चालवून चासीवर हात ठेवून थरथर पाहावी. नंतर हँडब्रेक ओढून, गाडीसमोर व मागे कोणी नसताना, क्लच किंचित सोडावा आणि इंजिन किती उसळते ते जाणत्या माणसाने बाजूने पाहावे. त्यानंतर रिकामी गाडी व शेवटी भरलेली गाडी चालवावी. करंजी अथवा चंदनापुरी घाटासारख्या चढावर भरलेल्या गाडीने जाण्याचा प्रसंग या साऱ्या चाचण्यांनंतरच यावा. पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायद्याची मर्यादा

केवळ आधार बदलल्याने नोंदणी-पुस्तकातील तपशील बदलत नाही. परंतु त्या निमित्ताने वेगळ्या बनावटीचे अथवा वेगळ्या इंधनाचे इंजिनच बसविण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लागू होते आणि नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. जिल्ह्यात परिवहन कार्यालये अहिल्यानगर व श्रीरामपूर येथे आहेत. परवानगीवाचून केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो.

सारांश, मूळ भाग मिळत असेल तर तोच घ्यावा. तो मिळत नसेल तेव्हाच पर्याय शोधावा, आणि तोही भोकांवरून नव्हे, तर वजन, सिलिंडर व वजनाखालची उंची यांवरून. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तीन मापे लिहिलेला कागद गाडीमालकाच्या हाती द्यावा व तो घेऊनच दुकानात जाण्यास सांगावे. मापे घेण्यास अर्धा तास लागतो. चुकीचा आधार घाटात तुटल्यास जाणारे दूध, माल व जीव यांच्या मानाने तो वेळ फार थोडा आहे.