विशेष शिक्षकाची मुलाखत : उमेदवाराने करावयाची तयारी

अध्ययन अक्षम मुलांना शिकविण्याच्या जागेसाठी मुलाखतीस जाणारा उमेदवार पुष्कळदा व्याख्या पाठ करून जातो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, हे त्यास मुखोद्गत असते. हे ज्ञान आवश्यकच होय. भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीचे प्रमाणपत्रही जवळ असावयास हवे. परंतु निवड समितीस यापलीकडचे काही पाहावयाचे असते.

समजा, समितीने चौथीतील एका मुलाची वही पुढे ठेविली. तीत 'घर'चे 'धर' झाले आहे, काना-वेलांट्या गळाल्या आहेत, ५१ च्या जागी १५ आहे. ऐकलेली गोष्ट मात्र तो मुलगा न अडखळता सांगतो. "आपण प्रथम काय कराल?"

"चुकलेले शब्द दहादा लिहून घेईन," असे म्हणणाऱ्यास त्या मुलाची अडचण कळलेलीच नाही. "यास डिस्लेक्सिया आहे," हे उत्तरही उतावीळपणाचे होय; निदान हे तज्ज्ञांचे काम आहे. सुजाण उमेदवार आधी विचारील : दृष्टी व श्रवण तपासले आहे काय? घरची बोली कोणती? शाळेत खंड पडला होता काय? मग तो आपली रीत सांगेल. एका वेळी एकच अक्षर घ्यावे; त्याचा उच्चार करीत ते वाळूत गिरवून घ्यावे; 'घ' व 'ध' एकाच दिवशी शिकवू नयेत; वर्गासमोर मोठ्याने वाचावयाची सक्ती करू नये; तोंडी उत्तरासही मान द्यावा.

"पोरगा आळशी आहे, असे वडील म्हणाले तर?" या प्रश्नास वडिलांना दोष देणे हे उत्तर नव्हे. मुलाने सांगितलेली गोष्ट वडिलांना ऐकवावी आणि त्याची वही त्यांच्यापुढे ठेवावी. बुद्धी आहे, अडचण लिहिण्यावाचण्यात आहे, हे त्यांना आपोआप उमगेल. पूर्ण सुधारणेचे आश्वासन मात्र देऊ नये. एखादी गोष्ट ठाऊक नसल्यास उमेदवाराने तसे स्पष्ट सांगावे.

उमेदवारानेही विचारावे : किती शाळा सांभाळावयाच्या? वर्गशिक्षकासमवेत बसावयास वेळ मिळेल काय? अशा मुलास योग्य शिक्षक न लाभल्यास तो 'ढ' हा शिक्का घेऊन शाळा सोडतो. उमेदवाराने मुलाखतीच्या दालनात जाताना आपल्या प्रमाणपत्रांइतकेच त्या वहीचेही स्मरण ठेवावे.