लोहगड चढला की सैन्याची तयारी झाली?

प्रश्न : मी कामशेतची, यंदा बारावीला. सैन्यात लढाऊ भूमिकेत जायचंय. भाऊ म्हणतो, मुलींना धावण्यात सूट असते, तिथे कसली बरोबरी? रोज लोहगड चढले तर पुरेल का?

उत्तर : सूट आहे, पण ती भरतीच्या दारात. २०२२ च्या नौदल अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरला मुलांना साडेसहा मिनिटं होती, मुलींना आठ. ही चाचणी तंदुरुस्ती मोजते. नेमकं काम जमेल का, हे नाही. २०२३ पासून तोफखान्यात महिला अधिकारी आहेत, आणि १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण ४३ किलोचा, उचलणारं कुणीही असो. माझ्या मते नेमणुकीला कामाचाच निकष लावावा, मग भावाचा मुद्दा उरत नाही. पायदळ आणि रणगाडा दल मात्र मुलींना अजून बंद आहे. खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तो रस्ता तुला खुला आहे.

आता लोहगड. चढ दमसासाला उत्तम, पण पायऱ्या धावत उतरू नकोस, पावसाळ्यात तर मुळीच नाही. प्रशिक्षणात मुलींच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर जाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि बहुधा कारण एकदम वाढवलेला भार. सपाटीवरचं धावणं हळूहळू वाढव, जोर काढ, पाठीवर वजन शेवटी घे. हिमोग्लोबिन तपासून घे. सराव वाढल्यावर पाळी चुकायला लागली तर खाणं कमी पडतंय असं समज आणि डॉक्टरांना गाठ.