एका दिव्याला एकच लाइन

अगं छोटे, दारव्ह्याच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या हे ऐकून फार बरं वाटलं. टाइल्सचे फोटो पाठवलेस, खिडक्यांच्या ग्रिलचे पाठवलेस, ओट्याच्या ग्रॅनाइटचेही पाठवलेस. लाइटच्या फिटिंगचं मात्र विचारलं तर म्हणालीस, "ते वायरमन बघून घेईल." तेवढं मात्र त्याच्यावर सोडू नकोस. तू तिथे उभी राहा. भिंतीत झिऱ्या मारून पाईप बसले आणि त्यावर प्लास्टर चढलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या तारांना हात लागत नाही. टाइल न आवडली तर बदलता येते, भिंतीतली तार कोण उकरून काढतं?

मी आयटीआयला वायरमन ट्रेड केला तेव्हा नातेवाईक हसले होते, पण आज कुणाच्याही घराचं काम निघालं की फोन मलाच येतो. म्हणून हक्कानं सांगते, तूही हक्कानं ऐक.

आपल्याकडे लाइट जाते. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं तुला आठवत असतील. अर्धा-अर्धा दिवस लाइट नसायची आणि तू कंदिलाच्या उजेडात पाढे घोकायचीस. तेवढं आता राहिलं नाही, तरी मे-जूनमध्ये एक वादळ आलं, कुठे लिंबाची फांदी तारेवर पडली, कुठे डीपी जळाली, की रात्र अंधारात जाते. त्यातून तुझा प्लॉट गावाच्या कडेला, मागे पऱ्हाटीचं शेत. पावसाळ्यात साप-विंचू निघतात. रात्री उठलेल्या माणसाला पाय कुठे पडतोय ते दिसलंच पाहिजे. म्हणून घरातले सगळे दिवे एकाच लाइनवर टांगायचे नाहीत, हे आधी पक्कं कर.

गावाच्या पातळीवर हे आधीच झालंय बघ. पूर्वी गावठाण आणि शेती एकाच फीडरवर, म्हणजे सबस्टेशनकडून येणाऱ्या एकाच लाइनवर असायची. शेतीची लाइट बंद केली की गावही अंधारात जायचं. मग फीडर वेगळे झाले. शेतीच्या पंपांना पाळीनं दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास थ्री फेज मिळू लागली आणि गावाला वेगळी लाइन. पुढे शेतीचा फीडर सौर ऊर्जेवर चालवायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्पासाठी राळेगणसिद्धीच्या जोडीला आपल्या जिल्ह्यातलं कोळंबी निवडलं होतं. ज्याला थांबवता येतं त्याला एक वाट आणि ज्याला थांबवता येत नाही त्याला दुसरी, हाच त्यातला विचार. तोच तुझ्या चार खोल्यांना लाव.

बहुतेक वायरमन खालच्या मजल्याच्या लाइटला एक एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारं बटन) आणि वरच्या मजल्याला दुसरी देऊन मोकळे होतात. त्यात वरची एमसीबी पडली की अख्खा वरचा मजला काळोखात, आणि ती चढवायला त्याच काळोखात जिना उतरून खाली बोर्डाकडे यायचं. त्यापेक्षा प्रत्येक खोलीत दोन दिवे दोन वेगळ्या लाइनींवर घे. एक साध्या लाइनवर, एक इन्व्हर्टरच्या. लाइटच्या लाइनला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ६ किंवा १० अँपियरची एमसीबी. गिझर, मिक्सर, इस्त्रीच्या पॉवर प्लगला वेगळी लाइन, जाड तार. वॉशिंग मशीनचा प्लग लाइटच्या लाइनवर घेऊ देऊ नकोस. वायरमन म्हणेल, "काई होत नाई ताई, चालते." आज चालतं, दोन वर्षांनी प्लग काळा पडतो.

तू विचारलं होतंस की हॉलमधला एकच मोठा दिवा साध्या लाइनवरही चालला पाहिजे आणि इन्व्हर्टरवरही, तर दोन्हीकडून तारा घेऊन चालेल का. नाही चालणार. हे नीट समजून घे, कारण इथेच घात होतो. इन्व्हर्टरच्या लाइनवरचा दिवा लाइट असताना महावितरणच्याच विजेवर चालतो. लाइट गेली की इन्व्हर्टरच्या आतला रिले त्याला बॅटरीवर घेतो, लाइट आली की परत सोडतो. म्हणजे तुला जे हवंय ते इन्व्हर्टर आपणहून करतोच. तुझा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर टाक, संपलं. दोन्ही लाइनींचे फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, एका बोर्डात एकमेकांना भेटले, मग ते चुकून लूप झालेले असोत की कुणाच्या डोक्यातून निघालेल्या बटनाच्या युक्तीनं, तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर अख्ख्या घराला, मीटरमागच्या तारांनाही वीज ढकलू पाहतो. त्याच वेळी लाइनमन खांबावर चढलेला असला तर? आणि लाइट परत आली की दोन वेगळ्या विजा समोरासमोर येतात आणि इन्व्हर्टर जळतो. जनरेटरचंही तेच. दोन्ही टोकांना पिना लावलेली तार प्लगमध्ये खुपसून घरात उलटी वीज देणारे मी पाहिलेत. तसलं काही तुझ्या घरात होऊ देऊ नकोस. जनरेटर लावायचाच असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा चेंजओव्हर स्विच लागतो, ज्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते.

मोठ्या दिव्याच्या झगमगाटाचाच हट्ट असेल तर सोपा उपाय आहे. त्या जागी दोन होल्डर घे. मोठा दिवा साध्या लाइनवर आणि त्याच्या शेजारी ९ वॉटचा एलईडी इन्व्हर्टरवर. दोघांची बटनं वेगळी, तारा वेगळ्या. एका दिव्याला एकच लाइन, हा नियम मोडायचा नाही.

इन्व्हर्टरवर काय घ्यायचं ते आधीच ठरव, कारण नंतर प्रत्येकाला आपला पंखा त्यावर हवा असतो. १२ व्होल्टच्या १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. हाती लागतात त्याहून बरेच कमी. तीन साधे पंखे आणि पाच एलईडी चालवले तर नवी बॅटरी चारेक तास ओढेल. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसेक, म्हणून निदान सासूबाईंच्या खोलीत आणि तुमच्या खोलीत बीएलडीसी लाव. ओट्यावरचा दिवा, जिना, संडास-बाथरूम, देवघर, प्रत्येक खोलीत एक दिवा, वायफायचा डबा आणि गेटवरचा दिवा एवढं या लाइनवर. गेटवरचा विसरतात लोक. रात्री बाहेर कुत्रं भुंकलं तर आतून बटन दाबून अंगण उजळता आलं पाहिजे, ते बटन पलंगाजवळ घे. एक दुसरं दाराजवळ.

फ्रिज नको, मोटर नको, कूलर नको. आणि कूलरचं निघालंच आहे तर थांबून ऐक. आपल्याकडे एप्रिल-मे कूलरशिवाय निघत नाहीत. पत्र्याचा कूलर, आत पाणी, ओले हात, लहान मूल पत्र्याला हात लावतंय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. म्हणून कूलरच्या प्लगला तिसरी, अर्थची तार खरोखर जोडलेली आहे की नुसतंच भोक आहे ते बघून घे, अंगणातला अर्थिंगचा खड्डा तुझ्यासमोर भरून घे, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी तारेला वाचवते. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. पैसे कमी पडले तर झुंबर राहू दे, हा राहता कामा नये. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, हे मुलांना आतापासूनच सांगत जा.

आता जिना. खाली बटन दाबून वर जायचं, वर गेल्यावर तिथून बंद करायचं. याला टू-वे बटनं लागतात. साध्या बटनाला मागे दोन स्क्रू असतात, टू-वेला तीन. फेज खालच्या बटनाच्या मधल्या स्क्रूला येतो. तिथून दोन तारा वरच्या बटनाच्या बाहेरच्या दोन स्क्रूंना जातात. वरच्या बटनाच्या मधल्या स्क्रूमधून एक तार दिव्याला. न्यूट्रल कुठल्याही बटनात शिरत नाही, तो सरळ दिव्याला. पलंगाजवळ आणि दाराजवळ अशी दोन बटनं घेशील तिथेही हेच.

तार वाचवण्यासाठी काही जण दोन्ही बटनांवर जवळच्या बोर्डातून फेजही घेतात, न्यूट्रलही घेतात. दिवा लागतो, विझतो, बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये दोन्ही टोकांना फेज असू शकतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला बटन बंद आहे एवढंच माहीत असतं.

दुसरा घोळ याहून जास्त दिसतो. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या लाइनचा आणि न्यूट्रल वरच्या लाइनचा, कारण तो जवळ पडतो. असं केलं की दोन लाइनींना वेगवेगळे आरसीसीबी असतील तर जिन्याचा दिवा लावताच आरसीसीबी पडतो. कारण साधं आहे. जेवढा करंट फेजमधून गेला तेवढाच त्याच वाटेनं न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, हे तो मोजत असतो. परतीची वाट दुसरी निघाली की त्याला वाटतं वीज कुठेतरी गळतेय. मग वायरमन येतो आणि आरसीसीबीच खराब आहे म्हणून काढून टाकतो! जिन्यातला दिवा लागतो आणि घराचं रक्षण जातं. आरसीसीबी नसेल तर धोका आणखी लपून बसतो. वरची एमसीबी पाडून कुणी वरच्या बोर्डाचा न्यूट्रल सोडवला, तर खालच्या लाइनचा फेज जिन्याच्या दिव्यातून त्या काळ्या तारेत येऊन उभा असतो. म्हणून वायरमनला स्पष्ट सांग: ज्या लाइनचा फेज, त्याच लाइनचा न्यूट्रल, दोघं एकाच पाईपमधून. इन्व्हर्टरच्या लाइनला तर स्वतंत्र न्यूट्रल आणि स्वतंत्र आरसीसीबी. फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, आणि इन्व्हर्टरचा फेज सगळीकडे पिवळा किंवा निळा ठरवून घे. बंडल संपलं म्हणून मध्येच रंग बदलला तर काम थांबव.

बटन बंद असूनही एलईडी रात्री मिणमिणतो, असं पुष्कळ घरांत दिसतं. दर वेळी बल्ब खराब नसतो. बटन फेजऐवजी न्यूट्रलवर असलं की तसं होतं, आणि जिन्यात लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारांमुळेही होतं. दुसरं निरुपद्रवी आहे, पहिलं नाही. होल्डरमधून बल्ब काढून टेस्टर लावायला सांग. बटन बंद असताना टेस्टर ठसठशीत पेटला तर बटन चुकीच्या तारेवर आहे.

गच्चीवरून मेन बोर्डापर्यंत एक रिकामा पाईपही सोडून ठेव. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आज ना उद्या तुम्ही ते घ्यालच. मात्र साधा ऑन-ग्रिड संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे सोलर आलं तरी इन्व्हर्टरची वेगळी लाइन वाया जात नाही.

नव्या जोडणीसाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर नुसती सही घेऊन येऊ नकोस, सही करणाऱ्याला घर दाखव. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे पाईप दिसतील असे फोटो काढ, शेजारी टेप धरून. पुढे देव्हाऱ्यासाठी खिळा ठोकताना ते कामी येतील.

काम संपलं की एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, वायरमनला तिथेच उभं करून हे कर. सगळे दिवे लाव आणि एकेक एमसीबी पाड. प्रत्येक वेळी घरभर फिरून कुठे उजेड राहिला ते बघ आणि बोर्डावर मार्करनं लिहून टाक. मग मेन बंद कर. इन्व्हर्टरचे दिवे लागलेलेच राहतील, म्हणजे मेन पाडूनही त्या तारा जिवंत आहेत. बोर्डाच्या झाकणावर लाल अक्षरात लिही, "आधी इन्व्हर्टर बंद करा". जिन्याचं बटन खालून-वरून आलटून-पालटून दाबून बघ. शेवटी लाइट चालू करून आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटन दाब, तो पडलाच पाहिजे. इन्व्हर्टरच्या आरसीसीबीचंही तसंच बघ. पुढे दर महिन्याला ते दाबत जा. या सगळ्यात एकही गोष्ट चुकली तर ती दुरुस्त होईपर्यंत वायरमनला शेवटचे पैसे देऊ नकोस.