लिंबाचे सरबत

मुलांनो, उन्हाळ्यात नाशिकला दुपारचे ऊन फार कडक असते. पारा ४० अंशांच्या आसपास जातो. संध्याकाळी मात्र गोदावरीच्या काठाने वारा सुटतो आणि माणसे दारात येऊन बसतात. अशा वेळी पाहुणा आला, तर त्याला चहाऐवजी लिंबाचे सरबत द्यावे.

तुम्ही घरी 'शरबत' म्हणता, मराठीत त्याचेच 'सरबत' झाले. शब्द मूळचा अरबी आहे. पण एक फरक लक्षात ठेवा. उर्दूत शरबत 'अच्छा' असतो, मराठीत सरबत 'चांगले' असते.

सरबतासाठी कागदी लिंबे घ्या. त्यांची साल कागदासारखी पातळ असते, म्हणून हे नाव. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाची एक जात काढली, तिचे नावच 'साई सरबती' आहे! उन्हाळ्यात लिंबे महागतात, म्हणून रस वाया घालवू नका. लिंबू कापण्यापूर्वी तळहाताखाली दाबून फिरवा, म्हणजे रस सहज निघतो. पिळताना मात्र फार जोर लावू नका. सालीचा कडूपणा रसात उतरतो.

चार पेल्यांसाठी दोन मोठी लिंबे, आठ लहान चमचे साखर आणि पाव चमचा मीठ पुरे. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून मीठ विसरू नका. साखर आणि मीठ आधी साध्या पाण्यात विरघळवा. गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, तळाशी बसते. मग पहिल्या पाहुण्याला आंबट पाणी मिळते आणि शेवटच्याला पाक! साखर विरघळली, की रस गाळून घाला. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका. भिजवलेला सब्जा घातला तर आणखी छान. सब्जा म्हणजे तुमचे तुख्म-ए-रेहान.

आता भांड्याविषयी. नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. बाजारात ती सोन्यासारखी चमकतात. पण कल्हई नसलेल्या भांड्यात सरबत करू नका. लिंबाच्या आंबट रसाने ते कळकते. तांब्याचा अंश रसात उतरतो. असे सरबत प्याल्यास मळमळते, उलट्या होतात. काचेचे किंवा स्टीलचे भांडे घ्या.

बर्फाची काळजी तर याहून जास्त घ्यावी लागते. मासे व इतर माल टिकवण्यासाठी जो बर्फ करतात, त्याचे पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही. गोठल्याने सगळे रोगजंतू मरत नाहीत. बर्फ वितळला, की ते पेल्यात येतात. लिंबाच्या रसानेही त्यांचा नाश होईल, असा भरवसा धरू नका. खाण्याचा बर्फ वेगळा ओळखता यावा, म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा आदेश निघाला. निळा बर्फ दिसला, तर त्या गाडीवर सरबत पिऊ नका. बर्फ पांढरा असला, तरी तो कोठून आणला हे विचारा. घरी तर बर्फाची गरजच नाही. पाणी उकळून स्वच्छ माठात भरून ठेवा. संध्याकाळपर्यंत ते गार होते.

शब्दार्थ : पारा चढणे – उष्णता वाढणे, कल्हई – भांड्याला आतून दिलेला कथलाचा मुलामा, कळकणे – धातूमुळे पदार्थ बिघडणे.

प्रश्न : १. साखर आधी साध्या पाण्यात का विरघळवावी? २. तुमच्या घरी सरबत कसे करतात, ते पाच वाक्यांत लिहा.