रिमलेसचं ड्रिल मशीन घेण्याआधी

रिमलेस चष्म्यात लेन्सला धरून ठेवणारी कडच नसते. ब्रिज आणि दोन्ही काड्या लेन्सला पाडलेल्या भोकांच्या भरवशावर असतात. साध्या स्क्रूच्या चष्म्यात चार भोकं, बुश दाबून बसवायच्या चष्म्यात बहुधा आठ. बुऱ्हाणपुरात चष्म्याचं दुकान चालवतो म्हणून सांगतो, लेन्स कितीही भारी घ्या, भोक वाईट पडलं तर चष्मा टिकत नाही. आणि भोक कसं पडेल ते मशीन ठरवतं.

आमच्याकडे निंबोल्याचं, असीरगडचं, इकडे रावेरकडचंही गिऱ्हाईक येतं. असीरगडचे एक गुरुजी नवा रिमलेस घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत तुटलेला चष्मा रुमालात बांधून परत आले. ब्रिजच्या बाजूने लेन्स सुटली होती. म्हणाले, "भाऊ, पडला नाही, आपटला नाही. पुसता पुसता हातातच आला." त्यांचं खरं होतं. लुपखाली धरलं तेव्हा भोकाच्या मागच्या तोंडाला बारीक टवके उडालेले दिसले, आणि त्यातल्याच एकापासून केसासारखी चीर थेट लेन्सच्या कडेपर्यंत गेली होती. अशी चीर फिटिंगच्या दिवशी दिसत नाही. गुरुजी खंडवा रोडवर रोज मोटारसायकल चालवतात, हेल्मेट काढताना चष्मा एका हाताने ओढतात. प्रत्येक ओढीला ती चीर थोडी पुढे सरकत होती.

ड्रिल मशीन त्याच सुमारास नवं आलं होतं. विक्रेत्याने मोटरचा वेग आणि एलईडी दिवा यांचंच कौतुक केलं होतं. बिट चकमध्ये घट्ट बसवून हाताने सावकाश फिरवलं तर त्याचं टोक एका जागी राहत नव्हतं, बारीक गोल काढत होतं. म्हणजे १.४ मिलिमीटरच्या बिटाने भोक त्याहून मोठं पडणार. भोकात स्क्रू हलला की आपण नट आवळतो, आवळलं की भिंतीवर ताण येतो. विक्रेत्याकडे तक्रार केली. त्याने आधी बिट बदलून दिलं, मग लेन्सलाच नावं ठेवली. आम्ही गुरुजींना लेन्स पदरमोड करून बदलून दिली.

तेव्हा मशीन बघायला जाल तर वेग विचारण्याआधी बिटाची डगडग बघा. साध्या तीन जबड्यांच्या चकपेक्षा कोलेट बरं. त्या मापाचे कोलेट आणि कार्बाइड बिटं इंदूर किंवा जळगावला सहज मिळतात का, तेही विचारा. एका बिटासाठी महिनाभर वाट पाहावी लागली तर मशीन कपाटात राहतं. वेग कमी-जास्त करता यायलाच हवा. पॉलीकार्बोनेट गरम झालं की वितळतं, त्याचा चुरा बिटाला गुंडाळला जातो, म्हणून बिट थोडं आत, थोडं बाहेर असं चालवावं लागतं. आमच्या भागात व्होल्टेज वरखाली होतं. भोक अर्धं पडलेलं असताना मोटर मंदावली की बिट अडकतं. अ‍ॅडॉप्टरवर चालणारी डीसी मोटर आणि जोडीला स्टॅबिलायझर असेल तर हा त्रास कमी होतो.

टवके बहुधा बिट बाहेर पडतं त्या बाजूला उडतात. त्यामुळे वर-खाली दोन बिटं असलेलं मशीन मला पसंत आहे. मागून थोडं कोरून घ्यायचं आणि पुढून आरपार न्यायचं. मात्र दोन्ही बिटांची टोकं अगदी समोरासमोर आली पाहिजेत, नाहीतर भोकात पायरी पडते. लेन्स कलती धरायची सोय हवीच. लेन्सला बाक असतो. ती सपाट ठेवून भोक पाडलं तर कडेजवळ ते तिरकं जातं आणि काड्या फाकतात. शेवटी भोकाच्या दोन्ही तोंडांची धार हलकेच मोडायची. एवढ्याशा कामाने कितीतरी चिरा टळतात.

चांगल्या मशीनलाही प्रत्येक लेन्स झेपत नाही. १.५ ची साधी सीआर रिमलेसला देऊच नये, ती भोकापाशी ठिसूळ असते. पॉली चिवट, पण अ‍ॅसिटोन लागलं की खराब होते. पीपीजीने २००१ मध्ये आणलेली ट्रायव्हेक्स भोकासाठी सगळ्यात भरवशाची. ती मिळाली नाही तर १.६० ची एमआर-८. जास्त नंबरवाल्याला १.७४ चा मोह होतो, तिथे मी हात जोडतो. ऑस्ट्रियाच्या सिल्हूट कंपनीने १९९९ मध्ये बिनस्क्रूचा, बिनबिजागरीचा टायटन मिनिमल आर्ट काढला. त्या धर्तीच्या चष्म्यात बुश दाबूनच बसतो, त्यामुळे भोकाचं माप जरा चुकलं तरी काम फसतं.

महिन्याला चार-दोनच रिमलेस विकत असाल तर मशीन घेऊ नका. संगणकावर कोन धरून भोक पाडणारी निडेक किंवा हुविट्झची यंत्रं ज्या लॅबकडे आहेत, तिथून काम करून घ्या. गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबवलेलं परवडतं.

घ्यायचंच ठरलं, तर दुकानातल्या जुन्या पॉली आणि १.६० च्या लेन्स खिशात घालून जा. विक्रेत्याची लेन्स वापरू नका. स्वतःच्या हाताने कडेजवळ भोक पाडा, लुपने मागची बाजू बघा, स्क्रू लावा. मग दोन पोलराइज्ड गॉगलच्या काचा एकमेकींना आडव्या धरा, म्हणजे उजेड जवळजवळ बंद होतो. त्यांच्यामध्ये ती लेन्स धरा. स्क्रूभोवती उजळ पट्टे उमटले तर तो ताण. पॉलीत मुळातच थोडे रंग दिसतात, म्हणून स्क्रू सैल असताना आणि आवळल्यावर, दोन्ही वेळा बघा. हे सगळं करू द्यायला विक्रेता का-कू करत असेल, तर पैसे खिशातच ठेवून दुसरीकडे जा.