एका बाटलीतील नदी

सह्याद्रीच्या कुशीतून निघालेल्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ह्या नद्या कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एकत्र येतात. लोकपरंपरा त्यांत गुप्त सरस्वतीची भर घालते आणि पाचांची मिळून पंचगंगा होते. पुढे ती शेते भिजवीत, गावांची तहान भागवीत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वाटेत कोल्हापुरातील जयंती नाल्यासारखे नालेही तिच्या पात्रात शिरतात. अशा नदीचे पाणी माणसांस व माशांस हितकर आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यातही रोगजंतू असू शकतात.

म्हणून नद्यांची वेळोवेळी परीक्षा करावी लागते. जलप्रदूषणास आळा घालण्यासाठी १९७४ साली संसदेने कायदा केला. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासते. सारी नदी काही प्रयोगशाळेत नेता येत नाही. तेथे जाते ती एक बाटली. त्या बाटलीने नदीच्या वतीने साक्ष द्यावयाची असते.

पहिला विचार जागेचा. नाला जेथे नदीस मिळतो, तेथे दोहोंचे पाणी लगेच एकजीव होत नाही. म्हणून एक नमुना संगमाच्या वरच्या बाजूस घेतात आणि दुसरा, पाणी पुरते मिसळल्यावर, खालच्या बाजूस. दोहोंची तुलना केली म्हणजे नाल्याने नदीत काय आणून टाकले ते समजते. काठाशी साचलेले पाणी टाळून वाहत्या धारेतील पाणी घेतात. उथळ ओढ्यात उतरणारा मनुष्य प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो व बाटली आपल्या पुढे धरतो. त्यामुळे त्याच्या पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो. पाणी खोल असल्यास पुलावरून किंवा नावेतून नमुना घेतात.

रोगजंतूंच्या तपासणीसाठी बाटली आधी निर्जंतुक केलेली असते. ती विसळावयाची नसते. तिच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देत नाहीत. तोंड खाली करून ती सुमारे ३० सेंटिमीटर खोल नेतात आणि मग प्रवाहाकडे वळवितात. त्यामुळे वर तरंगणारा केरकचरा आत येत नाही.

प्राणवायू मोजावयाचा असल्यास बाटली काठोकाठ भरतात. हवेचा एक बुडबुडाही आत राहू देत नाहीत, कारण हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळला तर उत्तर चुकते. मग काठावरच तीत दोन रसायने घालतात. तपकिरी साका दिसला तर पाण्यात प्राणवायू आहे; तो पांढराच राहिला तर नाही. मासे जगावेत म्हणून दर लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा दंडक आहे.

शेवटी बाटलीवर स्थळ, दिनांक, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचे नाव लिहितात. बंद बाटलीतही जंतू वाढत किंवा मरत असतात. म्हणून ती बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत तपासणीस पोहोचवितात.

कोणी आळसाने काठाचेच पाणी भरले, अथवा मळक्या हाताने बूच हाताळले, तर एकतर निर्दोष नदीवर ठपका येतो, नाहीतर दूषित पाणी चांगले समजून गाव ते पिते. प्रयोगशाळेतील उपकरणे बाटलीत जे असेल तेवढेच सांगतात. त्या बाटलीत नदीचे सत्य भरण्याचे काम काठावर उभ्या असलेल्या, कोणाचे लक्ष नसतानाही नियम पाळणाऱ्या माणसाचे असते.

प्रश्न
१. नाल्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंस नमुने का घेतात?
२. प्राणवायूसाठी बाटली काठोकाठ का भरतात?
३. ‘बाटलीने नदीच्या वतीने साक्ष द्यावयाची असते’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.