समुद्रापलीकडचा प्रांत

गिरगांवाहून धोबीतलावाकडे गेलें म्हणजे कांहीं जुन्या इमारतींत गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांच्या ‘कूड’ नांवाच्या संस्था आढळतात. कोंकणींत कूड म्हणजे खोली. गोव्यांतील एकेका गांवानें मुंबईंत अशी आपली खोली केली. नोकरीच्या शोधांत आलेला तरुण, किंवा एका बोटीवरून उतरून दुसरीची वाट पाहणारा खलाशी, तेथें थोडक्या वर्गणींत राही, आपली पेटी ठेवी व सायंकाळीं वेदीपुढें इतरांसह प्रार्थना म्हणे. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोगहि १८९२ सालीं मुंबईंतच झाला. हिंदु गोमंतकीयांचीं अनेक बिऱ्हाडें गिरगांवांत होतीं.

मग या लोकांचा देश कोणता? मुंबईहून गोवा एका दिवसरात्रीच्या बोटप्रवासावर. लिस्बन तर हजारों मैल दूर. तरी कायद्यानें गोवेकर लिस्बनचा! १९१० पर्यंत पोर्तुगालांत राजसत्ता होती, तोंवर गोव्यांतील हिंदूंना ख्रिस्ती प्रजेच्या बरोबरीचे हक्क नव्हते. प्रजासत्ताकानें ते दिले. परंतु १९३० च्या वसाहत-कायद्यानें परदेशीं मुलूख बाळगणें व तेथील लोकांस ‘सुधारणें’ हा पोर्तुगीज राष्ट्राचा मूळ धर्मच ठरविला. ज्यास सुधारावयाचें तो बरोबरीचा कसा? चांदोरच्या लुईश मिनेझिस ब्रागांझा यांनीं त्याच वर्षीं गोव्याच्या कौन्सिलांत या कायद्याविरुद्ध ठराव मांडला. त्याच गांवच्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनीं १९४४ सालीं गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली. १९४६ सालीं त्यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालांतील पेनिश किल्ल्यांत धाडण्यांत आलें. म्हणजे स्वदेशाविषयीं बोलल्याबद्दल ‘मातृभूमींत’ कैद! पुढें ते निसटून मुंबईस आले व १९५८ सालीं येथेंच वारले.

१९५१ सालीं पोर्तुगालनें ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘समुद्रापलीकडचा प्रांत’ असें नांव घातलें. हेतु उघड होता. प्रांतास स्वातंत्र्य देण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं! संयुक्त राष्ट्रसंघास तें पटलें नाहीं; १९६० च्या ठरावांत त्यानें गोव्याची गणना परतंत्र मुलखांत केली. १९५५ नंतर हिंदुस्थान सरकारनें रेल्वे व व्यापार बंद केला, तेव्हां मुंबईंतील मुलगा व गांवची आई यांच्यामध्यें परवान्याची भिंत उभी राहिली. देशभक्तीच्या इतिहासांत या ताटातुटीस फार ओळी मिळत नाहींत.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. १९६२ च्या आज्ञेनें तेथील लोक भारतीय नागरिक झाले. ज्यास दुसरें नागरिकत्व राखावयाचें असेल, त्यानें एका महिन्यांत तसें लिहून द्यावयाचें होतें. पोर्तुगालनें ही मुक्तता १९७४ च्या अखेरीस करारानें मान्य केली.

तरीहि प्रश्न मिटलेला नाहीं. जुन्या अमलांत जन्मलेल्यांस व त्यांच्या वंशजांस लिस्बनमध्यें नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतां येतें, आणि त्यामुळें युरोपांत नोकरी करतां येते. आपला कायदा मात्र दोन नागरिकत्वें मानीत नाहीं. परकें घेतलें कीं भारतीय संपतें. पुष्कळ घरांत एक भाऊ इकडचा व एक तिकडचा झाला आहे. त्यांस कोणी देशद्रोही म्हणूं नये. पोटासाठीं दर्यावर जाणें हें गोमंतकीयांस नवीन नाहीं.

मुंबईच्या कुडींत मात्र जागा पूर्वीपासून गांवच्या नांवावर मिळत आली.